हिलटाउनच्या खिडकीतून न दिसणारी चिमणी

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात वाढलेल्या एका आजींचं, लहानपणीच्या घराबद्दलचं वाक्य रेकॉर्डिंगवरून जसंच्या तसं उतरवून घेतलं, ते असं : "आमचं घर हिलटाउनच्या खालच्या अंगाला, वेलगेटच्या पायऱ्या चढून आलं की लगेच. दोन जिने वर, डाव्या हाताला. मागे प्लेटी [उघडी दगडी गॅलरी]. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॉक्स स्टॅक दिसायचा."

रस्ता आहे, मजला आहे, बाजू आहे, वर खिडकीतली खूणही आहे. घर शोधायला आणखी काय हवं? पण असं घर डंडी शहरात असूच शकत नाही. हे कळायला नकाशावर एक सरळ रेघ ओढावी लागली.

कॉक्स स्टॅक ही लॉकीमधल्या कॅम्परडाउन वर्क्स या तागाच्या गिरणीची चिमणी. १८६५-६६ साली बांधलेली, २८२ फूट उंच, रंगीत विटांची, अजून उभी आहे. लॉकी शहराच्या वायव्येला. हिलटाउन पूर्वेकडे. आणि दोन्हींच्या मध्ये १७४ मीटर उंचीची लॉ ही टेकडी. हिलटाउनच्या खालच्या टोकापासून चिमणीपर्यंत रेघ ओढली की ती लॉच्या दक्षिण अंगावरून जाते. दुसऱ्या मजल्यावरून काय, छपरावर चढूनही चिमणी दिसणार नाही.

म्हणून आजी चुकीचं सांगत होत्या असं नाही. त्या दोन घरं एकात सांगत होत्या. एक स्वतःचं आणि एक त्यांच्या आजीचं. लहानपणीच्या आठवणींवर काम करताना हा प्रकार इतक्या वेळा समोर येतो, की पहिल्याच दिवशी आम्ही वहीत दोन रकाने आखून ठेवतो : ‘राहतं घर’ आणि ‘जातं-येतं घर’. कुठली खूण कुठल्या रकान्यात जाते, हे ठरवण्यातच निम्मं काम असतं.

स्कॉटलंडात आता बऱ्याच मराठी घरांत नातवंडांची एक आजी कोकणातली आणि दुसरी डंडीची किंवा ग्लासगोची असते. कोकणातल्या आजीचं घर दाखवायला गाडी काढता येते. इकडच्या आजीचं घर पुष्कळदा पाडलेलंच असतं, रस्त्याचं नाव बदललेलं असतं, किंवा तिथून मोटरवे गेलेला असतो. मग कागदांतून जावं लागतं. ती वाट कशी काढायची ते पुढे लिहितो आहे. उदाहरण मुख्यतः डंडीचं आहे, पण पद्धत ग्लासगोलाही तीच.

पहिल्या बैठकीत नकाशा काढायचा नाही. नकाशा समोर आला की माणूस आठवायचं सोडून वाचायला लागतो. कोरा कागद द्यायचा आणि विचारायचं, "दारातून आत आलात, डाव्या हाताला काय?" तिथून खोलीभर फिरायचं. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून मीटरभराच्या आसपास असतात. त्यामुळे त्या उंचीच्या वस्तू आधी विचारायच्या : चुलीच्या भट्टीचं दार, खिडकीखालचं सिंक, पलंगाची कड, किल्लीचं भोक. घड्याळ कुठल्या भिंतीवर होतं, असं विचारलं की उत्तर कल्पनेतून येतं. भट्टीच्या दाराला हात कुठे भाजला, असं विचारलं की खोलीच उभी राहते.

शब्द नीट ऐकायचे. इथली जुनी घरं टेनेमेंटमधली, आपल्या चाळीची दगडी बहीण. तळमजल्यावर रस्त्याकडून आत शिरणारा बोळ म्हणजे ‘क्लोज’. त्यातून मागे जिना, आणि प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. ‘रूम अँड किचन’ म्हणजे दोन खोल्या, ‘सिंगल एंड’ म्हणजे एकच. इथल्या ‘किचन’ला मराठी वाचकाने स्वयंपाकघर समजू नये. घर तिथेच नांदायचं : भिंतीत खोल कोनाडा, त्यात पलंग, तो ‘बेड रिसेस’; भिंतीतलं कपाट ‘प्रेस’; खिडकीखालचं सिंक ‘जॉबॉक्स’; छताला दोरीने वरखाली होणारी कपडे वाळत घालायची चौकट ‘पुली’. कोणी "मी किचनमध्ये झोपायचे" म्हणालं की आपण गरिबीची आठवण म्हणून लिहून मोकळे होतो. ती तर साधी मांडणी होती.

‘प्लेटी’ खास डंडीची. इमारतीच्या मागच्या अंगाला जिन्याचा बुरूज, आणि त्यातून प्रत्येक मजल्यावर निघणारी उघडी दगडी गॅलरी. बिऱ्हाडांची दारं तिच्यावर उघडतात, म्हणजे आपल्या चाळीचा व्हरांडा, फक्त मागच्या बाजूला आणि पावसात भिजणारा. पुष्कळ ठिकाणी सामाईक संडासही तिथेच. कपड्यांची दोरी प्लेटीवरून निघून मागच्या अंगणातल्या उंच खांबाला जायची, तो ‘ग्रीनी पोल’. ग्लासगोच्या माणसाने प्लेटी सांगितली तर कान टवकारायचे : त्याचं कोणीतरी डंडीचं आहे.

दुसरी बैठक सालासाठी. "किती साली?" हा प्रश्न कुचकामी. त्याऐवजी ज्या गोष्टी एका ठरावीक दिवशी संपल्या किंवा सुरू झाल्या, त्यांच्याभोवती फिरायचं. डंडीची शेवटची ट्रॅम २० ऑक्टोबर १९५६ ला धावली, एडिंबराची त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला, ॲबर्डीनची ३ मे १९५८ ला, ग्लासगोची ४ सप्टेंबर १९६२ ला. डंडीच्या धक्क्याजवळची रॉयल आर्च १९६४ साली पाडली. टे नदीवरचा रस्त्याचा पूल १८ ऑगस्ट १९६६ ला खुला झाला आणि पलीकडे न्यूपोर्टला नेणाऱ्या ‘फायफी’ बोटी बंद पडल्या. फोर्थ रोड ब्रिज ४ सप्टेंबर १९६४. ग्लासगोत छपरं उडवणारं वादळ १५ जानेवारी १९६८ च्या पहाटेचं. आजी "ट्रॅमने आजीकडे जायचो" म्हणाल्या, त्यातून दोन गोष्टी एकदम मिळाल्या : साल १९५६ च्या आतलं, आणि त्यांच्या आजीचं घर ट्रॅमच्या वाटेवर, चालत जाण्यापलीकडे.

यात खड्डेही आहेत. गोळ्या-चॉकलेटांचं रेशनिंग संपलं ५ फेब्रुवारी १९५३ ला, हे सगळे सांगतात. पण त्याआधी एप्रिल १९४९ मध्ये ते एकदा उठवलं होतं आणि चार महिन्यांत मागणी झेपेना म्हणून परत लादलं. त्यामुळे "दुकानासमोर रांग, हवी तेवढी मिठाई" ही आठवण १९४९ चीही असू शकते. नाण्यांचंही तसंच. दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ ला आलं, पण सहा पेनीचं नाणं १९८० पर्यंत आणि दोन शिलिंगचं दहा पेन्स म्हणून १९९३ पर्यंत हातात होतं. ‘जुनं नाणं होतं’ यावरून साल ठरवायचं नाही. ‘दुकानदार शिलिंगमध्ये भाव सांगायचा’ यावरून ठरवायचं.

सुट्ट्यांवरून महिना आणि गाव दोन्ही कळतात. ग्लासगो फेअर जुलैच्या उत्तरार्धात, एडिंबराची ट्रेड्स सुट्टी जुलैच्या सुरुवातीला. गिरण्या, कारखाने सगळे एकदम बंद आणि शहर समुद्रावर : ग्लासगोकर क्लाइड नदीतून बोटीने रॉथसी, डुनून, मिलपोर्टला, त्याला म्हणायचे ‘डून द वॉटर’. डंडीच्या मुलांची उन्हाळी कमाई रास्पबेरीच्या मळ्यांत : ब्लेअरगावरी आणि कार्स ऑफ गावरी, जुलै-ऑगस्ट. बेरी तोडायची बादली कमरेला बांधायची, तिला ‘लगी’. ऑक्टोबरमध्ये बटाटे काढायला शाळेला सुट्टी, ‘टॅटी हॉलिडेज’. शाळेच्या लॉगबुकात मुख्याध्यापकांनी या हंगामांतली गैरहजेरी, गोवराची साथ, तुंबलेला बर्फ असं सगळं टिपून ठेवलेलं असतं. १८७२ च्या शिक्षण कायद्यानंतरची ही पुस्तकं बहुधा त्या त्या शहराच्या किंवा काउंटीच्या अर्काइव्हमध्ये मिळतात. अलीकडची मात्र व्यक्तिगत माहितीमुळे बंद असतात, म्हणून आधी ईमेल टाकून विचारावं.

गावांच्या नावांवर थोडं थांबतो, कारण मराठी माणूस इथे हमखास फसतो. आपण देवनागरीवर वाढलेले, लिहिलं तसं वाचणारे. रेकॉर्डिंगमध्ये ‘मल्गाय’ ऐकू येतं आणि नकाशावर ते कुठेच नसतं, कारण स्पेलिंगप्रमाणे ते ‘मिल्नगावी’ आहे. ‘स्ट्रेवन’ लिहिलेलं असतं स्ट्रॅथेवन, ‘फ्रीकम’ फ्रियॉकहाइम, ‘एन्स्टर’ अँस्ट्रदर, आणि ॲबर्डीनची ‘फिट्टी’ म्हणजे फुटडी. डंडीत ‘द फेरी’ म्हणजे बोट नव्हे, ब्रॉटी फेरी हे उपनगर. ‘हलटून’ म्हणजे आपलं हिलटाउनच. ऐकलेलं आधी देवनागरीत तसंच उतरवून ठेवायचं, स्पेलिंगचा अंदाज शेजारी वेगळा लिहायचा. देवनागरी इथे रोमनपेक्षा कामाची, निदान उच्चार तरी हरवत नाही.

मग कागद. सरकारी नोंदींचं संकेतस्थळ स्कॉटलंड्स पीपल. जन्म-मृत्यू-विवाहाची सक्तीची नोंद इथे १ जानेवारी १८५५ पासून. ऑनलाइन प्रतिमा जन्माची शंभर वर्षांनी, विवाहाची पंचाहत्तर, मृत्यूची पन्नास वर्षांनी खुली होते. म्हणजे आजींचा स्वतःचा दाखला असा दिसणार नाही, त्यांच्या आई-वडिलांचा आणि आजी-आजोबांचा दिसेल. प्रतिमा उघडायला आधी पैसे भरून क्रेडिट घ्यायचे; एका प्रतिमेला ६ क्रेडिट, म्हणजे दीड पौंड. शोधयादी बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून आधी यादी चाळून उमेदवार कमी करायचे, मग प्रतिमा उघडायच्या. उलट करणाऱ्याचे तीस क्रेडिट एका संध्याकाळी उडतात.

स्कॉटिश दाखल्यांत एक मोठी सोय आहे : जन्मदाखल्यावर आई-वडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण असतं (१८५६ ते १८६० सोडून), आणि बाईचं माहेरचं आडनाव कुठेच पुसलं जात नाही. मृत्यूची नोंद दोन्ही आडनावांनी सापडते. तरी घोळ होतोच. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, अशी जुनी रीत. चार भावांना प्रत्येकी एक मुलगा, चौघांचं नाव एकच. बॅन्फशरच्या कोळीवाड्यांत तर आडनावंही दोन-चारच, म्हणून प्रत्येक घराला वेगळं टोपणनाव, ‘टी-नेम’. शिवाय ज्यांना ‘आँटी’ म्हटलं जायचं त्या निम्म्या वेळा शेजारीणबाई. आपल्याकडच्या ‘काकू’ सारखंच.

जन्मदाखल्यावर पत्ता दिसला की तेच घर, असं धरायचं नाही. बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर जन्मस्थळ म्हणून तिथला पत्ता येतो, आणि राहतं घर वेगळं लिहिलेलं असतं, पुष्कळदा बारीक अक्षरात.

घरासाठी खरा कागद व्हॅल्युएशन रोल. घरपट्टीच्या या नोंदी १८५५ ते १९८९ दरवर्षीच्या : मालक, भाडेकरू, वार्षिक भाडं. ऑनलाइन आहेत ठरावीक वर्षांच्या, १८५५ पासून १९१५ पर्यंत दहा-दहा वर्षांनी, पुढे १९२० ते १९४० दर पाच वर्षांनी. यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. आजींचं बालपण युद्धानंतरचं, १९४० च्या पलीकडचं. तरी वाट आहे : त्यांची आजी त्याच घरात युद्धाआधीपासून राहत होती. म्हणून १९३५ आणि १९४० च्या रोलमध्ये तिच्या नवऱ्याचं नाव लॉकीच्या रस्त्यांत शोधलं आणि मिळालं. १९४० नंतरचं बघायचं तर शहराचं अर्काइव्ह किंवा एडिंबरातलं जनरल रजिस्टर हाउस. तिथे मतदारयाद्याही उपयोगी, कारण त्यांत सगळे प्रौढ येतात, फक्त प्रमुख नाही. १९४० ते १९४४ च्या याद्या मात्र निघाल्याच नाहीत, ती पोकळी शोधत बसू नये.

जनगणनेचं शेवटचं खुलं वर्ष १९२१. १९३१ ची इंग्लंडची कागदपत्रं आगीत गेली, स्कॉटलंडची वाचली, पण शंभर वर्षं पुरी व्हायची आहेत. १९४१ ला गणनाच झाली नाही.

आता नकाशा काढायचा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याचे जुने नकाशे फुकट खुले केले आहेत, आणि जुना-नवा शेजारी शेजारी सरकवता येतो. कुठलं प्रमाण घ्यायचं हे आधी ठरवावं. १:२५०० वर दहा मीटर म्हणजे ४ मिलिमीटर : इमारत दिसते, तिच्या मागचा जिन्याचा बुरूज ठिपक्यासारखा बाहेर आलेला दिसतो, पण घरक्रमांक नसतात. क्रमांक हवे तर युद्धानंतरचे १:१२५० चे नकाशे, दहा मीटरला ८ मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकातले १:५०० चे नगरनकाशे सर्वांत देखणे, दहा मीटरला २ सेंटिमीटर, अंगणातला पंपसुद्धा दिसतो. फक्त क्रमांकासाठी तेही कामाचे नाहीत. क्रमांक आणि इमारत यांची गाठ १:१२५० वर घालायची आणि मग मागे मागे जायचं.

दोन नकाशे एकमेकांवर ठेवताना काही मीटरचा फरक पडतो. टेनेमेंटच्या रांगेत तेवढ्यात शेजारचा क्लोज येतो. म्हणून चर्चचा कोपरा किंवा रेल्वेपूल अशी न हललेली खूण धरून फरक मोजायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. नकाशावर ‘बीएम’ अक्षरं आणि शेजारी फुटांत उंची दिसली तर ती जपावी. ती बेंचमार्क, भिंतीत कोरलेली आडवी रेघ आणि तिच्याखाली बाण. इमारत पाडली तरी कधी कधी कुंपणाची भिंत राहते आणि तो बाण तिच्यावर असतो. जागा पक्की करायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

ग्लासगोत एक जादा काम पडतं. गोव्हन आणि पार्टिक ही स्वतंत्र शहरं १९१२ मध्ये ग्लासगोत आली आणि एकाच नावाचे दोन-तीन रस्ते झाले. मग पुढच्या काळात त्यांतल्या बऱ्याच रस्त्यांची नावं बदलली. आठवणीत जुनं नाव, पाटीवर नवं. काउंट्याही मे १९७५ मध्ये गेल्या, आणि ॲंगस काउंटीला १९२८ पर्यंत फॉरफरशर म्हणत. शोधखिडकीत आजचं नाव टाकून जुना कागद मिळत नाही.

मजला आणि बाजू शेवटी ठरवायची. ‘दोन जिने वर, डावीकडे’ यात डावं कोणाचं? जिना चढून आल्यावरचं, की रस्त्यातून बघणाऱ्याचं? प्लेटीच्या घरांत तर माणूस मागच्या बाजूने आत येतो, डावं-उजवं उलटं होतं. यावर उपाय म्हणजे बांधकामाचे मूळ आराखडे. बर्ग, म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या शहरांत बांधकामाला डीन ऑफ गिल्ड कोर्टाची परवानगी लागायची, हे कोर्ट १९७५ पर्यंत होतं, आणि त्याच्याकडे आलेले आराखडे शहरांच्या अर्काइव्हांत आहेत. खोल्यांची मापं, पलंगाचा कोनाडा, चूल कुठल्या भिंतीला, संडास कुठे, सगळं. नव्या संडासांच्या किंवा दुकानाच्या फेरफाराचे आराखडेही मागवावेत. मूळ आराखड्यात तीन बिऱ्हाडं असतात आणि फेरफारानंतर दोन झालेली असतात.

आजींनी पहिल्या दिवशी काढलेलं चित्र इथे कामाला आलं. त्यात दारातून शिरल्यावर डावीकडे कोनाडा, समोर खिडकी, खिडकीखाली सिंक, उजव्या भिंतीला चूल होती. लॉकीच्या आराखड्यात दुसऱ्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं. एका घरात चूल डावीकडे, एक घर एकाच खोलीचं, उरलं एक. खिडकीचं तोंड कॅम्परडाउन वर्क्सकडे. म्हणजे प्लेटी आणि चिमणी आजीच्या आजीच्या घराची. वेलगेटच्या पायऱ्या आणि हिलटाउनचं खालचं टोक स्वतःच्या घराचे. ‘दोन जिने’ही लॉकीचेच असणार, कारण हिलटाउनच्या पत्त्यावर मतदारयादी एक जिना सांगत होती.

अशी बरीच घरं तपासल्यावर आमचं मत झालं आहे की लहानपणच्या आठवणीत क्रम खरा असतो आणि आकडा खोटा. दारानंतर कोनाडा, कोनाड्यानंतर खिडकी, हे चुकत नाही. पायऱ्या किती, अंतर किती, घर कितवं, हे जवळजवळ नेहमी चुकतं, आणि बहुधा मोठ्याच्या बाजूला. पण वासाला मान द्यावा. तागाच्या गिरण्यांत ताग मऊ करायला व्हेल माशाचं तेल लावत, नंतर खनिज तेल आलं. "आई घरी आली की तिच्या केसांना तेलकट वास" हे वाक्य आई गिरणीत होती याचा पुरावा धरायला हरकत नाही. डंडीत गिरणीत बायकाच जास्त, घरी चूल सांभाळणाऱ्या पुरुषांना ‘केटल बॉयलर’ म्हणायचे. आणि गिरणीचा भोंगा तो ‘बमर’. गिरणगावात वाढलेल्याला याचा अर्थ सांगायला नको.

जागेवर जायचं ते सर्वांत शेवटी, आणि जाताना वयस्कर माणसाला थेट इमारतीसमोर नेऊन उभं करायचं नाही. ती नसते, आणि तिथेच सगळं संपतं. ट्रॅम जिथे सोडायची तिथून चालायला सुरुवात करायची, त्याच दिशेने, त्याच बाजूच्या फुटपाथने. रेकॉर्डर खिशात चालू. वाऱ्याचा आवाज फार येतो, मायक्रोफोनवर पायमोज्याचा तुकडा चढवला तरी चालतं. जिथे थांबतील तिथला ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारे आकडे, मोबाइलवर घ्यायचा : सहा आकडी शंभर मीटरपर्यंत नेतो, आठ आकडी दहा मीटरपर्यंत, दहा आकडी एका मीटरवर. टेनेमेंटसाठी आठ आकड्यांखाली जाऊ नये. फाइलच्या नावात साल, रस्ता आणि हा संदर्भ घालायचा, म्हणजे दहा वर्षांनी नातवाला उघडता येईल.

लॉकीत त्या जागी आता गवत आहे आणि बाजूला नवी घरं. आजी ट्रॅमच्या वळणापासून चालत आल्या, गवताशी थांबल्या, चिमणीकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि मग डावीकडे वळल्या. चिमणी आता डाव्या हाताला होती. त्यांनी मान हलवली, दोन पावलं मागे आल्या आणि उलट्या वळल्या. आठ आकडी संदर्भ तिथला घेतला.